तिगावात क्लब नाही, डीजे आहेत

साशंक : भाऊ, नाइटक्लबमधली डीजेची तंत्रं तिगावच्या पोरांनी शिकावीत, हा तुमचा आग्रह मला पहिल्या पायरीवरच अडतो. तिगाव ज्यात येतं तो मध्यप्रदेशातला पांढुर्णा २०२३ साली जिल्हा झाला, पण पांढुर्णा-सौसरच्या पट्ट्यात डीजे वाजतो तो वरातीत, गणपतीत, नवरात्रात, भीमजयंतीला आणि वाढदिवसांना. तो वाजतो उघड्या रस्त्यावर, पिकअप गाडीच्या मागे जनरेटर बांधून. क्लबचं तंत्र बंद खोलीत जन्मलं. अंधार, चार भिंती, दारावर तिकीट, आत आलेला प्रत्येक माणूस नाचायच्याच इराद्याने आलेला. तिथे पाच-सहा तास एकाच प्रकारचं संगीत चालतं, म्हणून एक गाणं दुसऱ्यात विरघळवत नेण्याची चैन परवडते. आपल्याकडे वरात दीड तासात मांडवाशी पोचवायची असते. मध्येच नवरदेवाचा मामा येऊन गाणं बदलायला लावतो, पुढे बैलगाडी आडवी येते. मग दोन गाण्यांचे ठोके जुळवण्याच्या, बेस अदलाबदलीच्या, हेडफोनने ऐकण्याच्या युक्त्या शिकून या पोराच्या हातात काय पडणार? मला भीती ही की त्याला एका परक्या खोलीची स्वप्नं पडतील आणि समोरचा रस्ता मात्र दिसेनासा होईल.

उत्साही : ही तंत्रं बंद खोलीच्या चैनीतून आली, हे गृहीतच तपासू. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरच्या एका इमारतीच्या सामायिक दालनात कूल हर्क या तरुणाने आपल्या बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या. हिप-हॉपचा जन्म त्या दिवसापासून मोजतात. तो काही नाइटक्लब नव्हता, गरीब वस्तीतला घरगुती समारंभ होता. हर्कने हेरलं की गायक थांबून फक्त ढोल-ड्रम उरतात त्या काही सेकंदांची नाचणारे वाट बघत असतात. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन तबकडी-यंत्रांवर ठेवून तो तुकडा लांबवायला सुरुवात केली. त्याच्याही आधी, १९७०च्या आसपास, फ्रान्सिस ग्रासो न्यूयॉर्कच्या सँक्च्युअरी क्लबमध्ये एका कानाला हेडफोन लावून दोन रेकॉर्डींचे ठोके जुळवत होता. दोन गाण्यांमधल्या शांततेत माणसं फरशी सोडून जातात, हे त्याला खटकत होतं. दोघांचीही सुरुवात पायांकडे बघण्यातून झाली. आता आपल्याकडची धुमाल पार्टी आठवा. नागपूर, गोंदिया, दुर्ग, रायपूर या सगळ्या पट्ट्यात ती चालते. गाडीवर ढोल, ऑक्टोपॅड आणि की-बोर्ड घेऊन बसलेले वादक एका गाण्याच्या शेवटच्या ठोक्यावर दुसऱ्याची चाल पकडतात आणि मधला ठेका एकदाही तुटू देत नाहीत. त्यांनी ग्रासोचं नाव ऐकलेलं नसेल. अडचण तीच होती, म्हणून उत्तरही त्याच जातीचं निघालं. तेव्हा मी परकी खोली आणत नाही. इथे आधीपासून असलेल्या एका समजेला मी यंत्रावरची भाषा देतो आहे.

साशंक : धुमालवाल्याचा दाखला तुमच्याच विरुद्ध जातो. त्याच्या हाताला घट्टे पडलेले असतात. ठेका तुटू न देणं ही त्याची वर्षांची कमाई आहे. तुमच्या डीजेच्या लॅपटॉपवर मात्र सिंक नावाचं एक बटन आहे. ते दाबलं की दोन गाण्यांचा वेग आपोआप सारखा होतो, ठोक्यावर ठोका बसतो. १९७२ साली आलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० या तबकडी-यंत्रावर वेग जुळवायला लोक महिनोन्‌महिने घरी बसून कान तयार करत. आता ते काम संगणक क्षणात करतो आणि माणसापेक्षा अचूक करतो. आणि तेवढंही करायची गरज उरलेली नाही, कारण गावोगावची मुलं एफएल स्टुडिओ या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरवर आधीच बनवलेले रिमिक्स आणतात. त्यात दर अर्ध्या मिनिटाला डीजेचं नाव मोठ्याने पुकारलेलं असतं. गाडीवरचा माणूस ते फक्त एकामागून एक लावतो. ज्या तंत्राची अवघड बाजू यंत्राने उचलली, त्याला कसब म्हणून शिकवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

उत्साही : यंत्राने सोपी बाजू उचलली, असं माझं म्हणणं आहे. सिंक ठोका जुळवतं, पण वाक्य जुळवत नाही. नाचाचं बहुतेक संगीत चार-चार ठोक्यांनी बांधलेलं असतं, चारांचे आठ, आठांचे सोळा, सोळांचे बत्तीस होतात आणि दर बत्तीस ठोक्यांना गाण्यात काहीतरी बदलतं : गायक येतो, ढोल सुटतो किंवा बेस बसतो. मिनिटाला १२८ ठोक्यांचं गाणं असेल तर चौसष्ट ठोके बरोबर तीस सेकंदांत संपतात. जाणत्या डीजेला हे तीस सेकंद अंगात भिनलेले असतात. तो नवं गाणं जुन्याच्या वाक्याच्या तोंडावर सोडतो, म्हणजे इकडचा अंतरा संपताना तिकडचा मुखडा उगवतो. हे न कळणारा माणूस सिंक दाबून दोन गायकांना एकमेकांच्या तोंडात बोलायला लावतो. ठोका अचूक असतो, तरी रस्त्यावरचे पाय अडखळतात. का अडखळले हे नाचणाऱ्याला सांगता येत नाही, पण तो हात खाली करतो. दुसरी गोष्ट बेसची. दोन गाण्यांचे बेस एकत्र वाजले की दोन्ही गढूळ होतात. म्हणून येणाऱ्या गाण्याचा बेस मिक्सरवर बंद ठेवून ते आत आणायचं आणि वाक्य बदलेल त्याच ठोक्यावर जुन्याचा बेस काढून नव्याचा सोडायचा. ऐकणाऱ्याला जमीन सरकल्यासारखी वाटते, पण आवाज एक कणही वाढलेला नसतो.

आणि आपल्या गाण्यांपाशी आलं की यंत्र खरोखर थकतं. जुनी हिंदी-मराठी गाणी माणसांनी हाताने वाजवून ध्वनिमुद्रित केली. ढोलकीवाला रंगात आला की लय थोडी चढते, कडव्याअखेर उतरते. सॉफ्टवेअर गाण्यावर ठोक्यांची जी सरळ जाळी पसरतं ती या गाण्यांवर बसत नाही, दीड मिनिटात ठोका घसरलेला असतो. त्यातून कोळीगीतं, कितीतरी लावण्या आणि लग्नातली गाणी दादऱ्याच्या अंगाने चालतात, म्हणजे प्रत्येक ठोक्याचे तीन तुकडे. विलायती हाऊस संगीतात आणि आपल्या केरव्यात त्याच ठोक्याचे दोन किंवा चार होतात. वेग सारखा केला तरी ही दोन एकमेकांवर ठेवता येत नाहीत, पावलं कोणत्या चालीने टाकायची हेच कळत नाही. तिथे हळूहळू मिसळण्याचा हट्ट सोडायचा, गाणं समेवर कापायचं आणि दुसरं समेवरच उचलायचं, किंवा मध्ये चार-आठ ठोके नुसता ढोल ठेवून कानाला जुनी चाल विसरू द्यायची. वेगाचंही तसंच. गाणं सहा टक्क्यांनी वाढवलं की स्वर जवळजवळ एका अर्धस्वराने चढतो. स्वर धरून ठेवायचं बटन आहे, पण ते फार ताणलं की सनईचा आवाज पत्र्यासारखा होतो. कुठवर ताणायचं हे कानच सांगतो. म्हणून मी म्हणतो, एकाच वेगाचं संगीत रात्रभर वाजवणाऱ्या परदेशी डीजेपेक्षा मराठी, हिंदी आणि गोंडी गाणी एका वरातीत गुंफणाऱ्या पोराचं काम जास्त कठीण आहे. ते कठीण आहे हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

साशंक : मान्य, तुम्ही हे कष्टाचं काम म्हणून दाखवलंत. पण कष्टाचं आहे म्हणून ते महत्त्वाचं ठरत नाही. या क्षेत्रात ज्यांची नावं आदराने घेतात त्यांच्यातल्या कितीतरींनी ठोके जुळवायच्या भानगडीत न पडता रात्री गाजवल्या. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मँकुसोने १९७०पासून स्वतःच्या घरी 'द लॉफ्ट' नावाच्या नाचाच्या पार्ट्या चालवल्या. पुढे त्याने मिक्सरच काढून टाकला. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचं, मग क्षणभर थांबायचं आणि पुढचं लावायचं. आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. हणजुण्याच्या किनाऱ्यावर ऊन आणि धूळ रेकॉर्डी टिकू देत नव्हती, म्हणून तिथले डीजे कॅसेटींवर आणि पुढे डॅट नावाच्या डिजिटल टेपवर वाजवायचे. २०२३ साली वारलेले गोवा गिल तर आयुष्यभर डॅटलाच धरून राहिले. डॅटवर वेग बदलून ठोके जुळवायची सोय नव्हती. तरीही रात्र सुरू झाल्यापासून दुसऱ्या दिवसापर्यंत लोक नाचत आणि त्या किनाऱ्यावर संगीताचा एक नवा प्रकार जन्माला आला. मग बेस अदलाबदल आणि बत्तीस ठोक्यांची वाक्यं हा सगळा कारागिरीचा वर्ख नाही का? खरी गोष्ट गाण्याची निवड आहे. ती तंत्राच्या तासात कशी शिकवणार? ती आयुष्यभर ऐकण्यातून येते, आणि ऐकण्याला लॅपटॉप लागत नाही.

उत्साही : मँकुसो आणि गोव्याचे डीजे तंत्र सोडून चालले नव्हते. जोडणीचं एक तंत्र त्यांनी सोडलं आणि क्रमाचं तंत्र कसोशीने पाळलं. गोव्याची रात्र ठरवून रचलेली असे. काळोखात जड, अस्वस्थ करणारं संगीत आणि उजाडताना हलकं, उघडं. सूर्य कधी वर येणार हे ठाऊक असल्यामुळे कुठलं गाणं कधी लावायचं ते ठरत असे. हे शिकवता येतं आणि मला सगळ्यात जास्त हेच शिकवायचं आहे. क्लबमध्ये पहिल्या तासाला वाजवणाऱ्याकडून एक संयम अपेक्षित असतो. त्याने गाजलेली गाणी वापरायची नाहीत, वेग चढवायचा नाही, आवाज इतका ठेवायचा की लोकांना बोलता येईल. त्याने घाई केली तर नंतर येणाऱ्याकडे चढायला जागा उरत नाही. आपल्या वरातीत ही जागाच कोणी ठेवत नाही. घरासमोरून गाडी हलते तेव्हाच सगळ्यात गाजलेलं गाणं, सगळ्यात मोठ्या आवाजात. तिथून पुढे दीड तास आवाज वाढवण्याखेरीज डीजेच्या हातात काही राहत नाही.

क्रम लावायचा तर समोर बघावं लागतं, आणि बघण्याचीही शिस्त आहे. सगळ्यात पुढे उड्या मारणाऱ्या सहा पोरांकडे बघून काही कळत नाही. ती कशावरही उड्या मारतात. बघायचं कडेला. खांद्याने ठेका धरलेला पण आत न आलेला माणूस हा पुढच्या गाण्याचा खरा श्रोता. बायका कोणत्या गाण्याला फेरात येतात आणि कोणत्या गाण्याला मुलांना हाताला धरून बाजूला होतात, हे ज्याने वरातीमागून वरात नोंदून ठेवलं त्याच्याजवळ कुठल्याही शिकवणीपेक्षा मोठं भांडवल आहे. एखादं गाणं बायकांना रस्त्यावरून हाकलत असेल तर ते कितीही गाजलेलं असो, त्याने वरात अर्धी केली. हळदीच्या गाण्याची जागा, वाटेत देऊळ आलं की बदलायची चाल, मांडवाच्या दाराशी वेग उतरवून सनईकडे सोपवायचा क्षण : या सगळ्याची आखणी आदल्या दिवशी करता येते. दीड तासाला चाळीस गाणी काढून ठेवा, त्यातली पंचवीस वाजतील. उरलेली पंधरा अंदाज चुकल्यावर कामाला येतात.

साशंक : आता तुम्ही मला हव्या त्या जागी आलात. गर्दी वाचा, कडेला बघा, हे म्हणणं सुंदर आहे. पण गाडीवरच्या पोराला पैसे कोण देतं? कडेचा माणूस देत नाही आणि बायकाही देत नाहीत. पैसे मंडळाचा अध्यक्ष नाहीतर नवरदेवाचे मित्र देतात. त्यांची मागणी एकच असते, मागच्या गल्लीतल्या गाडीपेक्षा आपली गाडी जास्त वाजली पाहिजे. दोन मंडळांच्या गाड्या चौकात समोरासमोर आल्या की तुमचं बत्तीस ठोक्यांचं वाक्य कुठे जातं? तिथे चालतो तो फक्त डेसिबलचा लिलाव. क्लबच्या डीजेला आवाजाची मर्यादा भिंती घालतात, मालक घालतो, परवाना घालतो. रस्त्यावर या तिन्ही नसतात. कायदा आहे, पण कागदावर. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. राज्य सरकार सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. मध्यप्रदेशात डिसेंबर २०२३ मध्ये नव्या मुख्यमंत्र्यांचा पहिलाच आदेश नियमबाह्य लाऊडस्पीकर आणि डीजेच्या आवाजाविरुद्ध निघाला. सरकारच्या प्रमुखाला कामाची सुरुवात तिथून करावी लागली, यातच दुखणं किती खोल आहे ते आलं. तुमच्या तंत्राने या दुखण्याला हात लावला नाही तर ते तंत्र निरर्थक आहे.

उत्साही : हात लावतं, आणि थेट लावतं. आवाजाची शर्यत तिथेच सुरू होते जिथे डीजेचं कसब संपतं. ज्याला वेग, क्रम, बेस आणि विराम हाताळता येत नाहीत त्याच्याजवळ उत्कंठा निर्माण करायला एकच बटन उरतं. आता त्या बटनाचा हिशेब बघा. अँप्लिफायरची ताकद दुप्पट केली तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. माणसाच्या कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायचा तर साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. गाडीवर आणखी चार डबे चढवणारा मालक कर्ज दुप्पट करतो, पण ऐकणाऱ्याला फरक जेमतेम कळतो. त्यात मिक्सरचा दिवा सतत लाल. लाल दिव्याचा अर्थ आवाजाच्या लाटेचे शेंडे कापले जात आहेत. गाणं मोठं होत नाही, खरखरीत होतं, कान लवकर थकतात आणि उंच स्वराच्या स्पीकरची गुंडाळी जळते. क्लबमध्ये नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगतात की प्रत्येक गाण्याची पातळी आधी हेडफोनवर तपास, दिवा हिरव्यात ठेव, क्वचित पिवळ्यात. शेंड्यांना जागा राहिली तर ढोलाचा ठोका छातीत बसतो, तो लाल दिव्यात बसत नाही.

त्याहून मोठी गोष्ट विरोधाची आहे. आठ ठोके बेस पूर्ण काढून घ्या, नुसता माणसाचा आवाज आणि टाळी ठेवा, मग बेस परत सोडा. एक डेसिबलही न वाढवता रस्ता उसळतो. कानाला फरक कळतो, सपाट मोठेपणा पाच मिनिटांत कळेनासा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये करमणुकीच्या ठिकाणांसाठी जी मर्यादा सुचवली ती पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबल अशी आहे. कामगारांसाठी ८५ डेसिबलला आठ तास धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला पंधराच मिनिटं. गाडीवर स्पीकरला पाठ लावून बसलेला पोरगा दर मोसमात हे कितीदा ओलांडतो, याचा विचार त्याचे आईवडीलही करत नाहीत. ज्या कानावर त्याचं पोट आहे तोच तो संपवतो आहे. कानात बोळे घालणं ही मी तंत्राची पहिली पायरी धरतो, ठोके जुळवण्याच्याही आधीची.

साशंक : तुमचं गणित मला पटलं, आणि पटल्यामुळेच माझा आक्षेप आता अधिक नेमका झाला. विरोधाने नाचणाऱ्यांचा आनंद वाढेल, वादकाचा कान वाचेल. रस्त्याला लागून असलेल्या घरात तापाने पडलेल्या म्हाताऱ्याचं काय? बेसच्या लाटा भिंतीने अडत नाहीत; उंच स्वर अडतात आणि बेस आरपार जातो. तुमचं आठ ठोके बेस काढून परत सोडण्याचं कसब नाचणाऱ्याला उसळवतं, तसं त्या म्हाताऱ्याला दचकवतं. आणि आणखी एक बोलायचं राहिलं आहे. या गाडीने ज्यांचं काम घेतलं त्यांचं काय? पांढुर्ण्याच्या बाजूला डफडं होतं, सनई होती, बँड पार्टी होत्या. दहा-पंधरा घरांची चूल एका लग्नावर पेटायची. आता एक गाडी, एक लॅपटॉप, दोन पोरं. एका पिढीच्या हातातलं वाजवणं आपण काढून घेतलं, आणि ज्याने काढून घेतलं त्याला अधिक सफाईने कसं वाजवावं हे तुम्ही शिकवायला निघालात.

उत्साही : या प्रश्नाला मी हळहळीने उत्तर देणार नाही, कारण त्यातली अर्धी बाजू हळहळीत झाकली जाते. डफडं कोण वाजवायचं? ज्यांच्यावर ते जातीने लादलं होतं ते. ते वरातीच्या पुढे चालायचे, पंगतीत शेवटी बसायचे, त्यांच्या कसबाला कोणी कला म्हटलं नाही. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर अनेकांनी गावकीची कामं जाणूनबुजून सोडली, वाजवणंही सोडलं. त्याच घरांतून वामनदादा कर्डकांची भीमगीतं घुमली, प्रल्हाद शिंदे आणि पुढे आनंद शिंदे यांचे आवाज कॅसेटींतून गावोगाव गेले. आज १४ एप्रिलला या पट्ट्यात डीजेच्या गाडीवर ती गाणी वाजतात तेव्हा वाजवणारा कोणाचा बलुतेदार नसतो. तो गाडीचा मालक असतो, भाव ठरवतो, नको ती सुपारी नाकारू शकतो. यंत्राने वाजवणं जातीपासून सोडवलं. पूर्ण नाही, पण बरंच. डफड्याचा ठेका त्यामुळे मरायलाच हवा असंही नाही. धुमालने दाखवलं की जिवंत ढोल आणि मोठे स्पीकर एकाच गाडीवर नांदू शकतात. चांगला डीजे आपल्या गाण्यांच्या मध्ये डफडेवाल्याला सोळा ठोके मोकळे देऊ शकतो, त्याचे पैसे सुपारीत वेगळे धरू शकतो. तुमच्या तापाने पडलेल्या म्हाताऱ्याचं मात्र माझ्याकडे तयार उत्तर नाही.

साशंक : मग तिथेच थांबून खोल जाऊ, कारण मला वाटतं दोष गाडीवरच्या पोराच्या अडाणीपणात नाही, तुमच्या तंत्राच्या गाभ्यातच आहे. क्लबचं सगळं शिक्षण नाचणाऱ्याकडे बघायला शिकवतं. कडेचा माणूस बघा म्हणालात, पण कुठल्या कडेचा? जो आत येऊ शकेल त्याच्याकडे तुमची नजर आहे. जो कधीच आत येणार नाही, ज्याने या रात्रीला हो म्हटलेलंच नाही, तो तुमच्या वाचनात कुठेच येत नाही. क्लबमध्ये ही नजर चुकीची नाही. भिंतीबाहेरच्यांची काळजी भिंत घेते. रस्त्यावर तेच कसब जितकं तयार होईल तितका वादक समोरच्या तीस माणसांत बुडेल आणि पलीकडची तीनशे त्याला दिसेनाशी होतील. लाल दिव्याचा अडाणी डीजे वाईट वाजवतो म्हणून लोक त्याला लवकर बंद करायला लावतात. तुमचा शिकलेला डीजे इतका रंग भरेल की दहा वाजता त्याला थांबवायला कोणी पुढे येणार नाही.

उत्साही : हा आक्षेप मी टाळत नाही. काही गोष्टी तंत्राच्या आतूनच होऊ शकतात. स्पीकरचं तोंड घरांकडे न करता रस्त्याच्या लांबीकडे करायचं. उघड्या मैदानावरच्या मोठ्या कार्यक्रमांत बेसचे डबे एकमेकांना उलटे आणि किंचित वेळ देऊन लावतात, म्हणजे मागच्या बाजूचा बेस बराच कमी होतो. ही मांडणी गाडीवर करून बघण्यासारखी आहे. देऊळ, दवाखाना, आजाऱ्याचं घर कुठे आहे हे आदल्या दिवशी रस्ता चालून बघायचं आणि गाण्यांच्या यादीतच तिथे उतार ठेवायचा, जिथे नुसती सनई असेल, बेस नसेल. आणि शेवट. क्लबमध्ये शेवटचा अर्धा तास हे वेगळं कसब मानतात. लोकांना तृप्त करून घरी पाठवायचं, तोडून टाकायचं नाही. दहाला बंद करायचं तर साडेनऊपासून उतरायला लागा. वेग कमी करा, सगळ्यांना पाठ असलेलं जुनं गाणं आणा, शेवटचं कडवं लोकांना म्हणू द्या आणि त्यांच्या आवाजाखाली स्पीकर मिटवा. दहा वाजता भांडणं होतात ती बहुधा चढत्या गाण्यावर वीज तोडली म्हणून. उतरत आणलेल्या रात्रीवर कोणी भांडत नाही. रंग भरणाऱ्यालाच थांबवता येतं, असं मी म्हणेन. ज्याच्या हातात लोक नाहीत तो त्यांना घरी कसा पाठवणार?

साशंक : हे तुम्ही डीजेच्या मर्जीवर सोडलंत. उतार ठेवायचा की नाही ते तो ठरवणार, आणि त्याची मर्जी सुपारी देणाऱ्याच्या खिशात. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली लाऊडस्पीकर वाजतो त्या सार्वजनिक जागेच्या सीमेवर तिथल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतलं जे कमी असेल ते, अशी कमाल मर्यादा घातली. राहत्या वस्तीत दिवसा म्हणजे ६५. चालत्या वरातीची सीमा कोणती? प्रत्येक घराचा उंबरठा. हा आकडा पाळला तर तुमचा ढोल छातीत बसत नाही, आणि छातीत बसवला तर आकडा पाळला जात नाही. सफाईने हा फरक थोडा कमी होईल, मिटणार नाही. उंबरठ्याच्या आतल्या माणसाला आवाजाच्या बटनावर काही हक्क आहे की नाही, एवढं मला सांगा.

उत्साही : आहे, असं मी मानतो, आणि तो कसा द्यायचा तिथे माझं तंत्र अपुरं पडतं. आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊच नये अशी मर्यादा यंत्रात बांधता येते. क्लबांत ते केलं जातं आणि त्याची चावी डीजेकडे नसते. गाडीवर तीच चावी द्यायची कोणाकडे? मालकाला दिली तर तो गिऱ्हाईक तुटेल म्हणून उघडेल. पोलिसाला दिली तर कोणाच्या जयंतीला ती कडक होईल आणि कोणाच्या मिरवणुकीला सैल, हा संशय या गावांत लगेच उभा राहील, आणि तो संशय निराधार असेल असं मी छातीठोक म्हणणार नाही. ग्रामसभेला दिली तर तिथे ज्यांचा आवाज आधीच मोठा आहे तेच ठरवतील. आणि ज्यांना वर्षातून एकदाच हा रस्ता आपला वाटतो त्यांचं त्या एका रात्रीचं मोठ्याने वाजवणं मला फक्त गोंगाट म्हणता येत नाही.

साशंक : आणि मला ते फक्त हक्क म्हणता येत नाही, कारण त्याच वस्तीतली बाळंतीणही त्या रात्री जागी असते, आणि तिची जयंतीही तीच असते.